रीफ टाकीसाठी काळी वाळू: चार नमुने, एक चुंबक, एक बादली

रीफ टाकीसाठी, म्हणजे प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी, काळी वाळू घेताना रंग सगळ्यात शेवटी बघावा. आधी विचारायचं, ही वाळू कशाची आहे? पांढऱ्या वाळूत हा प्रश्न फारसा येत नाही. रीफसाठी विकली जाणारी पांढरी वाळू बहुधा अ‍ॅरागोनाइट असते, म्हणजे प्रवाळ, शंखशिंपले आणि चुनखडी धरणाऱ्या शैवालाचा चुरा. ‘काळी’ म्हटल्यावर मात्र पिशवीत बेसॉल्ट असू शकतो, ज्वालामुखीची काच असू शकते, रंग चढवलेली क्वार्ट्झ असू शकते, नाहीतर चक्क धातूच्या कारखान्यातली मळी. म्हणून ९०×४५×४५ सेंमीच्या टाकीसाठी मी एकदम पोतं न घेता अर्धा-अर्धा किलोचे चार नमुने घेतले आणि घरीच तपासले.

पहिली तपासणी पांढऱ्या कापडाची. मूठभर ओली वाळू पांढऱ्या रुमालात घेऊन दोन मिनिटं जोरात चोळायची. धूळ असेल तर राखाडी डाग पडतो आणि पाण्याखाली लगेच निघून जातो. रंग असेल तर डाग धुऊनही राहतो. एक नमुना इथेच बाद झाला. दुकानात तो ‘नैसर्गिक’ म्हणून मिळाला होता, पण चोवीस तास व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर कडा पांढऱ्या दिसायला लागल्या, आत साधी क्वार्ट्झ होती. असा लेप टाकीत सुटला की त्यात काय आहे हे शोधायला आपल्याकडे कुठलंच साधन नसतं.

दुसरी तपासणी बोटांची आणि डोळ्यांची. कण चिमटीत धरून बघा. काचेसारखे चकचकीत, धारदार आणि बोचणारे असतील तर ते सँडब्लास्टिंगचं कॉपर स्लॅग असण्याचा धोका आहे, तांबं वितळवल्यावर उरलेली मळी. दिसायला सुंदर, भाव कमी, आणि रीफ टाकीत विष. तांब्याचा थोडा अंशही कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ सोसू शकत नाहीत. विकणाऱ्याला दगडाचं नाव सांगता येत नसेल तर अशी वाळू घेऊच नये. धारदार कण वाळू चाळून खाणाऱ्या गोबी माशाच्या तोंडाला आणि कल्ल्यांनाही लागतात, ते वेगळंच.

तिसरी तपासणी चुंबकाची, आणि काळ्या वाळूच्या बाबतीत माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. ताटात कोरडी वाळू पातळ पसरायची. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्ध्या सेंमीवरून फिरवायचं. बेसॉल्टमध्ये थोडं मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहखनिज) असतंच, त्यामुळे चार-दोन कण उडी मारून चिकटणारच. पण पिशवीवर दाढीसारखे केस उभे राहिले तर ती वाळू परत करा. कारण सरळ आहे. काच घासायचं मॅग्नेट वाळूजवळ गेलं की हे कण ओढून घेतं, आणि ते पॅड आणि काच यांच्यामध्ये अडकतात. अ‍ॅरागोनाइटचा कठीणपणा मोह्झ मापावर ३.५ ते ४, काचेचा साधारण ५.५, मॅग्नेटाइटचा ५.५ ते ६.५. म्हणजे अ‍ॅरागोनाइट काचेवर ओरखडा काढत नाही, मॅग्नेटाइट काढतं. वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या पंपाच्या) रोटरमध्येही चुंबक असतं. तिथे कण बसले की आधी घरघर सुरू होते, मग शाफ्ट झिजतो.

रत्नागिरीकरांच्या मनात एव्हाना मांडवीचा काळा समुद्र आला असेल. तिथली वाळू नको. कोकणच्या त्या पट्ट्यातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचं खनिज) आणि मॅग्नेटाइट भरपूर असतं, चुंबकाला ती घोसानं लटकते. शिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलायला सीआरझेडच्या (किनारपट्टी संरक्षणाच्या) नियमांचा अडसर आहेच, आणि बंदराजवळच्या वाळूत तेल-डिझेल काय मुरलंय ते धुऊन कळत नाही.

चौथी तपासणी बादलीची. अर्धा किलो धुतलेली वाळू दोन लिटर मिठाच्या पाण्यात (क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ) एक आठवडा ठेवायची, एअरपंपचा दगड सोडून. आधी आणि नंतर फॉस्फेट, केएच (पाण्यातली कार्बोनेट क्षारकता) आणि तांबं मोजायचं. फॉस्फेट ०.१ पीपीएमपेक्षा (दशलक्ष भागांत ०.१ भाग) जास्त वाढला तर वाळू बाद. तांब्याच्या किटमध्ये नुसती रंगछटा जरी आली तरी बाद.

व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर बुडबुडे आले नाहीत, म्हणजे वाळूत चुना नाही, म्हणून बरेच जण घाबरतात, की आता पीएच कोण सांभाळणार? ही भीती नको. ८.१-८.३ पीएचच्या पाण्यात अ‍ॅरागोनाइटसुद्धा जवळजवळ विरघळत नाही. प्रवाळांना लागणारं कॅल्शियम आणि केएच डोसिंगनंच (वरून मोजून द्रावण घालून) द्यावं लागतं, वाळू कुठलीही असो.

शेवटी मी घेतली ती बेसॉल्ट आणि अ‍ॅरागोनाइटची मिश्र वाळू, साधारण तीन भाग काळी, एक भाग पांढरी. निव्वळ काळ्या वाळूवर माशांची विष्ठा, शंखांचे तुकडे, खडकावरून झडलेला चुनखडीचा चुरा एकेक करून दिसतो, आणि वर्षभरात ती तशीही तिळासारखी ठिपकेदार होतेच. मिश्र रंगात ते खपून जातं. कण खसखशीपासून मोहरीएवढे, म्हणजे १ ते २ मिमी. रव्यासारख्या बारीक वाळूत वेव्हमेकरसमोर खड्डे पडतात. पण वाळूत झोपणारे रास (wrasse) मासे पाळायचे असतील तर बारीकच हवी आणि किमान ५ सेंमी थर हवा, मग प्रवाह कमी ठेवावा लागतो.

हिशेब: ९०×४५ सेंमीचा तळ, ३ सेंमी थर, म्हणजे सुमारे १२ लिटर वाळू. लिटरला साधारण १.६ किलो धरले तर १९-२० किलो. मी २२ घेतली.

धुणं कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली की आठवडाभर टाकी चहासारखी दिसते. बादलीत एका वेळी दोनच किलो, पाईप तळाशी, हातानं ढवळत राहायचं, वरचं पाणी स्वच्छ होईपर्यंत. बेसॉल्टला अ‍ॅरागोनाइटपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटचं पाणी आरओचं. ओल्या लाइव्ह सँडची (जिवंत जिवाणू असलेल्या वाळूची) पिशवी असेल तर मात्र धुऊ नका, पैसे त्यातल्या जिवाणूंचेच दिलेले असतात.

आधी खडक थेट काचेवर, मग भोवती वाळू. उलटं केलं तर गोबी किंवा पिस्तूल कोळंबी खालून पोखरते आणि रचना कोसळते. पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडायची. फिल्टर फ्लॉस (गाळ धरणारा कापसासारखा थर) पहिले तीन दिवस रोज बदलायचा.

चालू टाकीत पांढरी काढून काळी घालत असाल तर एकदम नको. पाणी बदलताना १६-२० मिमीच्या पाईपनं एक तृतीयांश वाळू ओढून घ्या, दोन आठवडे थांबा, अमोनिया बघा, मग पुढचा भाग. नवी वाळू पीव्हीसी पाईपमधून तळाशी सोडा.

पहिल्या दीड महिन्यात तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शैवालाचा) थर येतो. तो काळ्यावर कमी दिसतो, पण असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पांढऱ्या वाळूत खाली काळे डाग पडले की कुजणं कळतं, काळ्या वाळूत ती सूचना मिळत नाही. म्हणून खडकामागचा कोपरा दर पंधरवड्याला सायफन करायचा. काढलेल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास आला तर तिथे ढवळाढवळ न करता थोडं थोडं ओढून घ्यायचं.

काळी वाळू उजेड परतवत नाही, त्यामुळे पसरट प्रवाळांच्या खालच्या बाजूला प्रकाश कमी पोचतो. म्हणून लाइट लगेच वाढवू नका, वरचा भाग भाजून पांढरा पडतो. प्रवाळ थोडा उंच किंवा तिरका बसवा. वेव्हमेकर वाळूपासून १५ सेंमी वर आणि किंचित वरच्या दिशेनं. घासायचं मॅग्नेट वाळूपासून दोन बोटं आधीच थांबवा, तळाजवळची काच प्लास्टिकच्या पट्टीनं साफ करा.

उरलेली दोन किलो वाळू कोरडी करून बरणीत ठेवली आहे. सायफनमध्ये थोडी जातेच, आणि पुढच्या लॉटची छटा तीच मिळेल असं नाही.