गजकर्ण परत परत येतं तेव्हा

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत घामेजलेल्या कपड्यांनी, गमबूट घालून दिवस काढणाऱ्यांना जांघेत गजकर्ण आणि पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात, यात नवल नाही. ओल हे कारण आहेच. पण तिसऱ्यांदा उलटलं, तर आधी दोन गोष्टी पाहा: वापरातली ट्यूब आणि रक्तातली साखर.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते, पण गजकर्णाची बुरशी जिवंतच राहते. परकराच्या नाडीखालचं ठसठशीत वलय पुसट होतं, कडेच्या खपल्या जातात आणि डाग हातभर पसरतो. क्लोबेटासॉलची मर्यादा आठवड्याला 50 ग्रॅम आणि सलग 2 आठवडे. तेही गजकर्णासाठी नव्हेच. जांघेची कातडी पातळ, वर घडी, त्यामुळे औषध जास्त मुरतं. महिनोन्‌महिने मुरलं की मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून एसीटीएच (अॅड्रिनलला कामाला लावणारं संप्रेरक) कमी सुटतं आणि अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करते. मुरलेल्या स्टेरॉइडमुळे चेहरा सुजतो, साखर, बीपी चढतं. अशा वेळी सकाळी 8 च्या सुमारास कॉर्टिसॉल तपासतात. भरपूर ट्यूबा लावून झाल्या असतील, तर एकदम बंद न करता डॉक्टरांना विचारा. थकवा, उलट्या, चक्कर येत असेल तर त्याच दिवशी जा.

उपाशीपोटी साखर 126 किंवा वर, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.5 टक्के किंवा वर, म्हणजे मधुमेह. खात्रीसाठी चाचणी पुन्हा करतात. साखर चढलेली असली की संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. स्तनाखाली किंवा जांघेत ओली लाल कातडी आणि कडेबाहेर सुट्या बारीक पुळ्या दिसल्या, तर ते बहुधा गजकर्ण नसून कँडिडा, म्हणजे दुसऱ्या जातीची बुरशी, असतो. डॅपाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांच्या लघवीतून साखर जाते, म्हणून गुप्तांगाला कँडिडा होतो. हे सांगायला लाजू नका.

रक्तातलं आयजीई (अ‍ॅलर्जीची तपासणी) वाढलेलं निघालं तरी त्यावरून उपचार ठरत नाहीत, ते पैसे वाचवा. त्यापेक्षा डागाच्या कडेची खपली खरवडून केओएच तपासणी (खपलीत बुरशी आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) करून घ्या.

बुरशीच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी एएलटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, बघतात. चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या: बुरशीच्या फ्लुकोनाझोलसोबत मधुमेहाची ग्लिमेपिराइड असेल तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. बुरशीच्याच इट्राकोनाझोलसोबत कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन चालत नाही, आणि हार्ट फेल्युअर असेल तर ते आधीच सांगायला हवं. इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल पोटभर जेवल्याबरोबर घ्यायची. पित्ताच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी झालं तर ही कॅप्सूल नीट शोषलीच जात नाही.