साठचं दशक, कप्पा दुसरा: लेबलवर नसलेली नावं

साठच्या दशकातल्या गाण्यांच्या तबकड्या मी जमवतो, त्या संग्रहाची मागची नोंद लिहिली ती मे महिन्यात. मधले चार महिने पावसाने खाल्ले. जून ते सप्टेंबर मी तबकडी कपाटाबाहेर काढत नाही, कारण हवेत इतका ओलावा असतो की कव्हरातून काढून परत आत सरकवेपर्यंत कागद मऊ पडलेला असतो. चवथ झाली, गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरली, आणि गणपतीची आरास जिथे होती त्याच टेबलावर पुन्हा टर्नटेबल मांडलं. आता रोज संध्याकाळी दोन बाजू, असा नेम धरला आहे.

आजचा हिशेब असा. साठच्या दशकाच्या कप्प्यात एकूण 61 तबकड्या: 14 जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला 78 फेरे), 39 ईपी (सात इंची, 45 फेरे), 8 एलपी (मोठ्या, 33⅓ फेरे). त्यांतल्या 38 धुऊन झाल्या. 27 संगणकावर उतरवल्या होत्या, पण त्यांतल्या 11 मला पुन्हा उतरवाव्या लागणार आहेत. त्याचं कारण पुढे सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाच्याही यंत्रात तोच दोष असू शकतो.

आधी बुरशी. या वर्षी कपाटात प्रत्येक खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या होत्या, तरी 9 ईपींवर पांढरे ठिपके आले. सगळ्या नऊच्या नऊ आतल्या प्लास्टिकच्या पिशवीत होत्या. साध्या कागदी पाकिटात उभ्या ठेवलेल्या एकीलाही काही झालेलं नाही. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते, बाहेर जायला वाट नसते. तेव्हा सगळी प्लास्टिकची अस्तरं मी फेकून दिली. धुताना डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने फिरवायचा आणि शेवटी नुसत्या पाण्याने दोनदा. लेबलवर वाटी उपडी धरायची. नव्याने आलेल्यांसाठी पुन्हा एकदा: अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नका. ती लाखेची आहे, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि विरघळलेली खाच परत येत नाही.

आता त्या अकरा तबकड्या. चवथीला बहीण माहेरी आली होती. आरास उतरल्यावर मी ‘मत्स्यगंधा’ या संगीत नाटकाची ईपी लावली आणि ती सवयीने पेटीवर बोटं ठेवून साथ करायला बसली. दोन मिनिटांत थांबली. म्हणाली, ‘दादा, हा सूर पेटीत सापडत नाही.’ पेटीची काळी एक पट्टी धरली तर उणी, शेजारची पांढरी दोन धरली तर जास्त. मला आधी पेटीचाच संशय आला. मोबाइलवरच्या ट्यूनरने पाहिलं तर पेटी बरोबर होती. मग स्ट्रोबचा कागद काढला, म्हणजे तबकडीचा वेग तपासायचं रेघांचं वर्तुळ. आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेवर दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो, त्यामुळे 33⅓ वेगासाठी 180 रेघा, 45 साठी 133 आणि 78 साठी 77 रेघा असलेलं वर्तुळ लागतं. वेग बरोबर असला की रेघा जागच्या जागी थिजतात. (एलईडीच्या उजेडात नीट दिसत नाही. स्विचबोर्डवरचा छोटा निऑन दिवा उत्तम.) माझ्या रेघा सरळ पुढे पळत होत्या. मोजलं तेव्हा 45 ची तबकडी 46 ने फिरत होती.

एक फेरा जास्त, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण तो सव्वादोन टक्के होतो, आणि अर्धा सूर म्हणजे साधारण सहा टक्के. म्हणजे गाणारा आपल्या पट्टीपासून अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक वर सरकला, आणि आवाजही थोडा पातळ झाला. त्यातले गायक रामदास कामत यांचा आवाज मी इतके दिवस पातळ करून ऐकत होतो आणि तोच जतन करून ठेवत होतो. फार वाईट वाटलं. मोटरच्या तळाशी वेगाचा बारीक स्क्रू असतो, तो घड्याळजीच्या पेचकसाने केसभर फिरवला. रेघा थिजल्या. बहिणीने परत पेटी ओढली, आणि या वेळी सूर काळी एकवर येऊन बसला.

याच निमित्ताने आणखी एक सुधारणा केली. या काळातल्या आपल्या बहुतेक ईपी मोनो आहेत, म्हणजे डावा-उजवा आवाज एकच. त्यांत आवाज खाचेच्या आडव्या हालचालीत असतो, उभ्या हालचालीत नसतो. धूळ आणि झीज मात्र सुई वरखालीही उडवते. स्टीरिओ कार्ट्रिजने (सुई बसवलेल्या डोक्याने) डावी-उजवी दोन्ही बाजू घ्यायच्या आणि मग एकत्र मिळवायच्या: गाणं दुणावतं, उभा खरखराट एकमेकांना खोडून टाकतो. फिल्टर लावून गाण्याची धार घालवण्यापेक्षा हे किती तरी बरं. मी 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर उतरवतो, फाइल फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारी) ठेवतो आणि मूळ प्रतीवर कसलीही सफाई करत नाही. अठ्ठ्याहत्तरसाठी सुई वेगळी, साधारण 75 मायक्रॉनची. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि तिथली सगळी घाण वाचते.

एवढं तंत्राचं पुरे. माझा खरा आनंद वहीतल्या सहाव्या रकान्यात आहे.

वहीत पाच रकाने सगळ्यांचे असतात तेच: तबकडीचा क्रमांक, शेवटच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स (साच्याचा) क्रमांक, गायक, नाटक किंवा चित्रपट, गीत-संगीत. सहावा मी या वर्षी आखला आणि त्याला नाव दिलं ‘लेबलवर नाही ते’. गोव्यात बसून साठचं दशक जमवायचं तर हा रकाना हवाच, असं माझं ठाम मत झालं आहे. आपल्या माणसांचं निम्मं काम लेबलवर छापलेलंच नाही.

‘संगम’ची ईपी घ्या. 1964 साली बिनाका गीतमालेच्या वार्षिक यादीत याच चित्रपटातलं गाणं पहिलं आलं. 1966 साली ‘सूरज’मधलं. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोन लावून अमीन सायानींचा आवाज येईपर्यंत श्वास धरून बसणारी पिढी आमच्या वाड्यात अजून आहे. दोन्ही लेबलांवर संगीत शंकर-जयकिशन. पण त्या चालींना व्हायोलिनांचा मोठा ताफा, मधले तुकडे, गायकाच्या मागे वेगळ्याच वाटेने चालणारी सुरावट हे सगळं कागदावर लिहून वादकांपुढे ठेवणारा माणूस गोव्याचा, सेबास्टियन डिसोझा. वर्षानुवर्षं शंकर-जयकिशन यांचा अरेंजर तोच होता. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारे वादक मुंबईला गोव्याने पुरवले, कारण इथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच सॉल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. ‘संगम’ समोर आली की सहाव्या रकान्यात मी त्याचं नाव लिहितो, आणि तबकडी दुसऱ्यांदा लावून फक्त मागचा वाद्यमेळ ऐकतो. करून पाहा. पाठ असलेलं गाणं नवं वाटतं.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासाठी वेगळं पान केलं आहे. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1965 साली ते सिनेसृष्टी सोडून अमेरिकेला गेले, म्हणून माझ्या कप्प्यात त्यांचं पान दशकाच्या मध्यावर संपतं. हळदोण्याचे चिक चॉकलेट, ट्रम्पेटवाले, 1967 साली वारले. फ्रँक फर्नांड यांनी मुंबईच्या वाद्यवृंदातली कमाई कोकणी चित्रपटांत घातली: 1963 साली ‘आमचें नशीब’, 1966 साली ‘निर्मोण’. ‘निर्मोण’वरून दुसऱ्याच वर्षी हिंदीत ‘तकदीर’ निघाला. मी मराठीत वाढलेला माणूस, पण या दोन चित्रपटांच्या तबकड्यांशिवाय गोव्याचा साठचा कप्पा भरणार नाही. त्या अजून माझ्याकडे नाहीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तीन वेळा शोधून आलो.

आता नाट्यसंगीताकडे येतो, कारण निम्मा कप्पा त्याचाच आहे आणि जीवही तिथेच अडकलेला आहे.

1 मे 1964 ला ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आलं. संस्था धि गोवा हिंदु असोसिएशन, मुंबईतल्या गोमंतकीयांनी 1919 साली स्थापलेली. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचं. आशालता आणि रामदास कामत ही नावं त्या नाटकाने घरोघर पोचवली. माझ्या सहाव्या रकान्यात लेबलवर नसलेल्या गोष्टी लिहिल्या आहेत त्या अशा: अभिषेकी मंगेशीचे, वडील बाळूबुवा कीर्तनकार, आडनावच देवळातल्या अभिषेकावरून आलेलं. रामदास कामत म्हापशाचे. आशालताही गोव्याच्याच. मुक्तीला जेमतेम अडीच वर्षं झाली होती. 18 डिसेंबर 1961 ला बांबोळीचं पोर्तुगीज रेडिओ केंद्र विमानांनी उद्ध्वस्त केलं, आणि 1962 च्या जानेवारीत आकाशवाणी पणजीहून बोलू लागली. या साखळीत ‘मत्स्यगंधा’ ठेवून ऐकलं की ते नुसतं मुंबईचं नाटक राहत नाही.

तबकडी आणि रंगमंच यांतला फरक मला या वर्षी नीट कळला. दहा इंची अठ्ठ्याहत्तरच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या थोडं वर वेळ मिळतो. सात इंची ईपीच्या एका बाजूला सहा-सात मिनिटं, म्हणजे दोन पदं. जुन्या संगीत नाटकात एकेक पद वन्समोअर घेत घेत अर्धा तास चालायचं, तबकडीवर त्याची फक्त ओळख उरायची. माझ्याकडे जुन्या जमान्यातली अशी अठ्ठ्याहत्तर आहे, तिच्यात गायक रंगात येतो न येतो तोच सुई लेबलापाशी पोचते. अभिषेकींनी पदं कमी केली, आटोपशीर बांधली, प्रसंगाला जखडली. राग आहे, पण नाटक थांबवून गायलेला नाही. म्हणून ही पदं ईपीत मावतात आणि तरीही पुरी वाटतात. माझ्या मते त्या दशकात नाट्यसंगीत पुन्हा लोकांच्या तोंडी आलं त्यामागे चालींइतकाच हा आटोपशीरपणाही आहे.

त्याचा पुरावा मला पुस्तकात मिळाला नाही, एका कव्हरावर मिळाला. फोंड्याजवळच्या एका घरातल्या ऐंशीच्या पुढच्या आजींनी यजमानांचा संग्रह मला दिला. त्यातल्या ‘मत्स्यगंधा’च्या कव्हरामागे पेन्सिलीने प्रत्येक पदाची पट्टी, पुढे ‘दोनदा घ्यावे’, ‘येथे पेटी थांबते’ अशा खुणा. यजमान गावच्या जत्रेतल्या नाटकात पराशर करायचे. गुरू नव्हता, ईपी होती. तीच परत परत लावून त्यांनी पदं बसवली, आणि दुसऱ्या पदापाशी खाच इतकी झिजली आहे की तिथे आता सूर कमी आणि खरखर जास्त. आजी म्हणाल्या, ‘ते सुई उचलून मागे ठेवायचे ना, त्याच जागी.’ मी ती झीज काढायचा प्रयत्न करणार नाही. फाइल जशी आहे तशी ठेवली आहे, आणि शेजारी चांगल्या प्रतीची दुसरी.

‘ययाति आणि देवयानी’ (1966) झालं, तिथे फारसं सांगण्यासारखं काही नाही, प्रत स्वच्छ होती. ‘कट्यार काळजात घुसली’ मात्र मला छळते आहे. 24 डिसेंबर 1967 चा पहिला प्रयोग, संगीत पुन्हा अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. इथे नाटकाचा विषयच गाणं आहे, त्यामुळे आटोपशीरपणाचा माझा वरचा सिद्धान्त इथे ताणला जातो. वसंतरावांची तान तबकडीच्या वेळेत बसवताना काय सुटलं असेल ते कळायला प्रयोगाचं ध्वनिमुद्रण आणि तबकडी शेजारी शेजारी ऐकायला हवं. तो या हिवाळ्याचा उद्योग.

एक नुकसानही नोंदवतो. बाहेरगावाहून मागवलेली एक अठ्ठ्याहत्तर कुरियरने दोन तुकडे होऊन आली. पाठवणाऱ्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळली होती. पुढच्या वेळी आधीच सांगायचं: दोन्ही बाजूंना पुठ्ठा, तो तबकडीपेक्षा सगळीकडून बोटभर मोठा, आणि खोक्यात हलायला जागा नको. तुकडे मी ठेवले आहेत. लेबल शाबूत आहे, मॅट्रिक्स क्रमांक वाचता येतो, तेव्हा वहीत तिची ओळ आहेच.

दिवाळीपर्यंतचं काम ठरलं आहे. अकरा ईपी बरोबर वेगाने पुन्हा उतरवायच्या. मडगावच्या एका जुन्या घरात कोकणी तबकड्यांची पेटी असल्याचं कळलं आहे, तिथे येत्या रविवारी जायचं आहे, ‘निर्मोण’ची आशा मनात धरून. आणि ज्यांच्याकडे याच दशकातल्या हिंदी ईपी आहेत त्यांना एक विनंती: गाण्यात एकट्या ट्रम्पेटचा किंवा व्हायोलिनचा तुकडा आला तर तो कितव्या मिनिटाला आहे ते लिहून ठेवा. म्हाताऱ्या वादकांपैकी जे अजून आहेत त्यांना तो तुकडा ऐकवला की हात कुणाचा ते ते सांगतात. मागच्या महिन्यात बार्देशातल्या एका निवृत्त वादकाला मी असे चार तुकडे ऐकवले. तीन त्यांनी लगेच ओळखले. चौथा पुन्हा लावायला सांगितला, डोळे मिटून घेतले, आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली.