फर्मागुडीच्या चढासाठी सायकल

गोव्यातल्या फोंड्याहून फर्मागुडीला जाणारा चढ स्कूटरवर कधी जाणवला नव्हता. सायकल घ्यायचे मनात आले तेव्हा मात्र सगळा हिशेब त्या एका चढाभोवती फिरू लागला. माझे घर चढाच्या खाली आहे आणि कामाचे ठिकाण वर. उंची पाच फूट एक इंच, वय सत्तेचाळीस, शाळा संपल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, आणि खर्चाची मर्यादा १५,००० रुपये. आठवड्यातून तीन दिवस कामावर जायचे आणि रविवारी जमले तर जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर, एवढीच अपेक्षा होती. अरुंद टायरच्या, वाकून चालवायच्या सायकलची मला भीती वाटते आणि जाड खाचांच्या टायरची माउंटन बाइक डांबरी रस्त्यावर विनाकारण जड जाते. म्हणून ७०० सी मापाच्या चाकांची, पस्तीस ते चाळीस मिलिमीटर टायरची आणि सरळ हँडलची हायब्रिड सायकल घ्यायची, इथपर्यंत निर्णय लवकर झाला.

पहिल्या दुकानात मला पाहताच बास्केट लावलेली गुलाबी सायकल पुढे आणली गेली. बास्केटशी माझे वैर नाही, बाजारहाटाला ती सोयीचीच आहे. पण ‘लेडीज’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली म्हणजे फ्रेमची वरची नळी खाली उतरवलेली असणे. साडी किंवा पंजाबी ड्रेस घालणारीला, तसेच मागच्या कॅरिअरवर पिशवी बांधल्यामुळे पाय मागून टाकता येत नाही तिला, याचा खरा उपयोग होतो. दुसरी गोष्ट फ्रेमच्या मापाची, आणि नळी खाली असली म्हणजे माप बरोबर असेलच असे नाही. सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर जास्त असेल तर शरीराचा भार तळहातांवर येतो आणि अर्ध्या तासात मान व खांदे भरून येतात. त्यावर उपाय म्हणून विक्रेता सीट पुढे सरकवून देतो, तेव्हा गुडघा पेडलच्या फार पुढे जातो आणि एक दुखणे जाऊन दुसरे येते. ‘मीडियम सगळ्यांना चालते’ हे वाक्य मी तीन ठिकाणी ऐकले. घरी भिंतीला पाठ टेकून, दोन पायांमध्ये पुस्तक घट्ट वर धरून मी पायाच्या आतल्या बाजूचे माप घेतले होते. ते एकाहत्तर सेंटिमीटर भरले. मीडियम फ्रेमवर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी राहिले तेव्हा वरच्या नळीला आणि मला वेगळे ठेवणारी जागाच उरली नाही. निदान तीन-चार सेंटिमीटर तरी हवेत. त्यामुळे स्मॉल फ्रेम घेतली. ती पुरुषांसाठी म्हणून विकली जाते, याने मला काही फरक पडला नाही.

गिअरच्या बाबतीत दुकानदार एकूण संख्या सांगतात, पण चढणाऱ्याने दात मोजावेत. पुढचे सर्वांत लहान चक्र अठ्ठावीस दातांचे आणि मागचे सर्वांत मोठे चक्रही अठ्ठावीस दातांचे असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो आणि सायकल साधारण २.२ मीटर पुढे जाते. पुढे बेचाळीस दातांचे एकच चक्र असलेली, दिसायला फार सुटसुटीत अशी एक सायकलही मी पाहिली. तिच्यावर सर्वांत हलक्या गिअरमध्येही एका फेऱ्यात ३.३ मीटर जावे लागते, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला दीडपट जोर. पणजीच्या मिरामारवर ती छान पळेल, फर्मागुडीला मला ती ढकलत न्यावी लागली असती. पुढे तीन आणि मागे सात चक्रे असलेली जुन्या पद्धतीची रचना या किमतीत मिळते आणि चढासाठी तीच उपयोगी पडते. एकवीसपैकी बरेच गिअर एकमेकांच्या जवळपासचेच असतात, हे दुकानात कोणी सांगत नाही. मागे चौतीस दातांचे चक्र नंतर बसवून घेता येते, मात्र सायकलचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, तेवढे पेलतो का, हे आधी विचारून घ्यावे. पहिल्या आठवड्यात त्या चढावर मी एकदाच थांबले, तेही मागचा ट्रक पुढे जावा म्हणून.

पुढच्या शॉकअपला मी नकार दिला. या किमतीतला शॉकअप म्हणजे मुख्यतः जड स्प्रिंग असते. चढावर जोर लावताना ती खाली-वर होऊन श्रम खाते आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत तिला गंज चढायला वेळ लागत नाही. ते पैसे मी डिस्क ब्रेककडे वळवले. कोरड्या दिवसांत साधा रिम ब्रेक पुरेसा आहे, पण जुलैमध्ये तोच चढ उतरताना रिम भिजलेली असते, रबराने पाणी पुसून काढेपर्यंत चाक काही फेरे तसेच फिरते, आणि मातकट पाण्यातली रेती रिम घासत राहते. ब्रेकच्या मुठीवर एक छोटा स्क्रू असतो; तो फिरवला की मूठ हँडलच्या जवळ येते आणि लहान बोटे तिच्यापर्यंत पोहोचतात. मला ही गोष्ट अंगठा दुखायला लागल्यावर कळली.

सीट मऊ असली की चांगली, हा समज मी स्वतः बाळगून होते. बसताना ज्या दोन हाडांवर भार येतो त्यांच्यातील अंतर महत्त्वाचे असते आणि स्त्रियांमध्ये ते सहसा अधिक असते. पन्हळी पुठ्ठ्यावर काही वेळ बसून उठले की दोन खळगे दिसतात. माझ्या खळग्यांत तेरा सेंटिमीटर अंतर निघाले. सोबत आलेली सीट त्या मानाने अरुंद होती, ती बदलली.

आमच्या वाड्यावर पहाटे येणाऱ्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल बिनगिअरची, लोखंडी आणि कोणत्याही कोपऱ्यावर दुरुस्त होणारी असते. माझी तशी नाही, म्हणून हवा भरण्याचा व्हॉल्व्ह निदान मोटारसायकलसारखा जाड असावा, एवढे मी पाहून घेतले. बारीक व्हॉल्व्हसाठी वेगळा पंप लागतो आणि गावातल्या गॅरेजात तो बहुधा नसतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरील जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीवर समाधान मानू नये. सायकलवर मी साडेबारा हजारच खर्च केले, कारण हेल्मेट, दिवे, कुलूप आणि स्टँड यांचा खर्च वेगळा होता. मडगार्डही सोबत नव्हते. अडतीस मिलिमीटरच्या टायरवर बसतील असे पूर्ण लांबीचे मडगार्ड जूनपूर्वी मिळवायचे आहेत. तोवर मागच्या चाकावर घरच्या प्लॅस्टिकच्या डब्याचे झाकण कापून बांधले आहे आणि शाळेत जाणारा भाचा त्यावर रोज हसतो.