कापसाचा बॉल आणि शेजारच्या काकांचे नियम

इलेक्ट्रिक फुटबॉल म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना व्हिडिओ गेमच वाटतो, तसं नाहीये. हा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे बॉल हातात घेऊन पळायच्या खेळाचा, टेबलावरचा अवतार. पत्र्याचं मैदान असतं, खाली इलेक्ट्रोमॅग्नेट, स्विच दाबला की अख्खा पत्रा घूंऽऽ करत थरथरतो आणि त्यावर उभे केलेले बावीस प्लास्टिकचे बाहुले आपापले चालायला लागतात. मिक्सर चालू असताना ओट्यावरचा चमचा सरकतो ना, अगदी तसं. नॉर्मन सास नावाच्या इंजिनियरने १९४९ मध्ये हा खेळ बाजारात आणला, त्यांच्या ट्यूडर कंपनीत आधीपासून थरथरत्या पत्र्यावर पळणाऱ्या गाड्यांचा खेळ होता, त्यावरूनच हे सुचलं.

माझ्याकडे तो आला न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीतल्या एका गराज सेलमधून, आणि आमचे शेजारी, साठी उलटलेले, लहानपणी हाच खेळलेले, त्यांनी तो बघितला आणि तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी हजर. बायको म्हणते, अहो तो भुंगा बंद करा, आईंचा फोन आहे.

धावायचा भाग सोपा. बॉल ज्याच्याकडे आहे त्याला समोरच्या टीमचा कोणी टेकला की संपलं. फक्त टेकायचं म्हणजे कसं, यावरही दोन पंथ. काही लोक कुठूनही लागला तरी टॅकल धरतात, काही म्हणतात डिफेंडरच्या बेसचा, म्हणजे बाहुला ज्यावर उभा असतो त्या बैठकीचा, पुढचा भागच लागला पाहिजे, पाठ घासून गेली तर खेळ चालू. आम्ही दुसरं मानतो, नाहीतर दर वेळी तीन यार्डांत खेळ खल्लास.

खरी भांडणं पासवरून. मूळ पद्धत अशी की स्विच बंद करायचा, क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा बाहुला, उचलायचा आणि त्याच्या जागी एक वेगळा, इतरांपेक्षा मोठा बाहुला ठेवायचा, ज्याचा हात स्प्रिंगसारखा मागे ओढून सोडता येतो. त्याच्या हातात चिमुकला कापसाळ बॉल, तो उडून आपल्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, लागला तर पास पूर्ण, समोरच्याला लागला तर इंटरसेप्शन, म्हणजे बॉल त्यांचा, नाहीतर फुकट. ऐकायला सोपं आहे पण पहिल्या महिन्यात माझे पास एकतर सोफ्याखाली गेले नाहीतर चहात. म्हणून कित्येक जण काडी वापरतात, म्हणजे क्वार्टरबॅकपासून रिसीव्हरपर्यंत सरळ काडी धरायची, मध्ये डिफेंडर आडवा आला नाही तर पास झाला. काही घरांत सरळ फासेच टाकतात.

काडी मला पटत नाही. काडी कधी चुकत नाही, मग लांब पास आणि जवळचा पास यात फरक काय राहिला? कॅरममध्ये राणी घेतल्यावर कव्हर द्यायचंच नाही म्हटल्यासारखं झालं. काकांचं म्हणणं उलटं, की खरा क्वार्टरबॅक दहा यार्डांवरून सोफ्यावर बॉल मारत नाही. यात त्यांचा पॉइंट आहे हे मी त्यांच्यासमोर मान्य केलेलं नाही.

शेवटी तह झाला. बॉल खराच फेकायचा, पण रिसीव्हरच्या अंगाला किंवा बेसला कुठेही लागला तरी चालेल, मात्र पत्र्यावर टप्पा पडून लागला तर नाही. या एका वाक्याने माझा सगळा खेळ बदलला. आधी मी लांब पळणाऱ्या रिसीव्हरच्या मागे होतो, आता सगळ्यात वेगवान बेस मी तिथे लावतच नाही. बेसखाली प्लास्टिकचे बारीक पाय असतात, ते चिमट्याने किंचित वाकवले की चाल बदलते, आणि नंतरच्या बेसमध्ये तर दिशा ठरवायला छोटी चकतीच आहे. मी एकाची चकती बाहेरच्या बाजूला फिरवून ठेवतो, तो खेळ सुरू होतो त्या लाइनवरून सुटतो आणि हळूच वळत साइडलाइनकडे जातो, मधले सगळे एकमेकांना ढकलत भोवऱ्यासारखे फिरत बसतात आणि हा बाजूला एकटा. तिथे स्विच बंद. आठ-दहा यार्डांचा पास, हाताची सवय तेवढीच आहे माझी.

स्विच कधी बंद करायचा यातच अर्धी मॅच आहे. एक क्षण लवकर केला तर रिसीव्हर अजून डिफेंडरला चिकटलेला असतो, उशीर केला तर क्वार्टरबॅकलाच कोणीतरी येऊन टेकतं. काका हे ओळखून आहेत, ते हल्ली त्या बाजूला एक डिफेंडर मुद्दाम संथ बेसवर ठेवतात, तो कुठे जातच नाही, नुसता वाटेत थरथरत उभा राहतो, आणि माझा बॉल बरोबर त्याच्या छातीवर. परवा दोनदा.

मागच्या शनिवारी बॉल व्हॅक्यूम क्लीनरमध्ये गेला. मी देवघरातली एक फुलवात घेतली, डिंकाचं बोट लावून वळली, कात्रीने टोकं कापली, मस्त बसली बाहुल्याच्या हातात, आणि पहिलाच पास पंधरा यार्ड सरळ. काकांनी वात चष्म्याजवळ धरून बघितली, वास घेतला, आणि म्हणाले तुपाची असेल तर पास रद्द.