रस्त्याखालचा एक पाइप: माझा अनुभव

गोव्यात फोंड्याजवळ आमच्या जुन्या घराच्या जागी चार मजली इमारत बांधली, आणि इंटरनेट, सीसीटीव्ही, इंटरकॉम हे सगळं भावंडांनी माझ्या गळ्यात टाकलं. आतलं काम कधी झालं ते कळलंही नाही. इलेक्ट्रिशियन जाणता होता. त्याने जिन्याजवळच्या शाफ्टमध्ये (पाइप-तारांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) विजेचे पाइप एका बाजूला आणि नेटचे दुसऱ्या बाजूला नेले, प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र पाइप दिला. घोडं अडलं ते बाहेर.

इंटरनेट कंपनीचा चेंबर, म्हणजे केबल जोडायचा झाकणाचा खड्डा, रस्त्यापलीकडे. मधला डांबरी रस्ता ओलांडून एक एचडीपीई (चिवट प्लास्टिकचा) पाइप घालायचा होता. कंपनीचा माणूस म्हणाला, "खांबावरून तार ओढून देतो की, कशाला खोदताय?" आमच्याकडे जूनमध्ये माडाच्या झावळ्या कुठे पडतात ते त्याला माहीत नसावं. मी भूमिगतवर अडून बसलो.

आधी पंचायतीत गेलो. तिथे सांगितलं, हा रस्ता आमच्याकडे नाही. मग ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयात. त्याचं नाव घेत नाही, कारण रस्ता फोडण्यासाठी भरलेलं डिपॉझिट अजून त्यांच्याकडे आहे. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "हो तुमचो न्हय, कंपनीचो अर्ज जाय." म्हणजे तुमचा नको, कंपनीचा अर्ज हवा. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. दूरसंचाराचा 2023 चा कायदा आणि 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेले मार्गाधिकाराचे (रस्त्याखालून किंवा वरून केबल नेण्याच्या हक्काचे) नियम परवानाधारक कंपनीला गृहीत धरूनच लिहिलेले आहेत. पण कंपनी म्हणत होती, इमारत तुमची, परवानगी तुम्ही आणा. दोघांच्या मध्ये मी चेंडूसारखा.

शेवटी कंपनीच्या लेटरहेडवर अर्ज मिळवला. तर त्यात नकाशा नव्हता. नकाशा दिला, तर पाण्याची लाइन आणि विजेची भूमिगत केबल कुठून जाते ते त्यावर दाखवलेलं नव्हतं. ती माहिती आणखी दोन कार्यालयांत. सगळं जोडून दिलं, तर इंजिनियर साहेब साइटवर. दुसऱ्या वेळी साहेब मीटिंगला. तिसऱ्या वेळी साहेब होते, फाइल नव्हती. "फाल्यां येयात." उद्या या. मी जायचो, कारण न जाऊन सांगणार कोणाला? एवढ्यात पाऊस लागला. पावसाळ्यात रस्ता फोडायला देत नाहीत, हे मलाही पटतं. पण मग फाइल मे महिन्यात का झोपली होती? चवथ (गणेश चतुर्थी) झाली तरी तिला जाग नव्हती.

सुटलं ते एका तरुण कनिष्ठ अभियंत्यामुळे. त्याने कागद चाळले आणि विचारलं, "तुमची पाण्याची जोडणी झाली का?" नव्हती झाली. "मग त्यासाठी रस्ता फुटणारच आहे. अर्ज दोन राहू देत, चर एकच मारा. डांबर एकदाच बुजवावं लागेल." मिनिटभराचं बोलणं! हे इतके महिने कोणालाच सुचू नये? मी त्या मुलाला चहा पाजला, आणि अजूनही रस्त्यात दिसला की हात करतो.

तेव्हा कोणी बांधत असेल तर पाणी, वीज, नेट यांचे रस्ता फोडण्याचे अर्ज एकत्रच घेऊन जा. आणि पावसाळ्याचा हिशेब करून, दिवाळी झाल्या झाल्या.

चर मारण्याआधी खोदणाऱ्याला 'कॉल बिफोर यू डिग' या 2023 पासून चालू असलेल्या सरकारी अॅपवर नोंद करायला लावा. जेसीबीवाला नाक मुरडतो, मुरडू दे. चर बुजवण्यापूर्वी टेप धरून फोटो काढा, भिंतीपासून किती, खोली किती. एकाऐवजी दोन पाइप घाला. दुसरा रिकामा, आत पुढे केबल ओढायला नायलॉनची दोरी, दोन्ही तोंडं बंद, नाहीतर उंदीर आधी जोडणी घेतात. पाइपाचा उतार चेंबरकडे हवा, इमारतीकडे असेल तर पावसाचं पाणी थेट शाफ्टमध्ये. वळणाला काटकोनी एल्बो नको, मोठा बेंड वापरा, फायबरला तीव्र वळण सोसत नाही.

हो, आणि हे खरं तर सर्वांत आधीचं: जोत्याच्या बीमचं काँक्रीट ओतण्यापूर्वी त्यात स्लीव्ह (केबलचा पाइप आरपार जाईल असा नळीचा तुकडा) सोडून ठेवा. आमच्या गवंड्याने स्वतःहून सोडला होता, म्हणून बीमला छिद्र पाडावं लागलं नाही.

तळमजल्यावरच्या नेटच्या पेटीला कुलूप लावलंय, किल्ली माझ्याकडे आणि धाकट्या भावाकडे. कॅमेरे रहिवाशांच्या वायफायपासून वेगळ्या नेटवर्कवर आहेत. रेकॉर्डरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला. बसवणारा मुलगा तो तसाच ठेवून चालला होता.

डिपॉझिट परत मागायचा अर्जही वेगळा असतो. तो दिलाय, त्याच खिडकीवर.