साठीनंतरची वारी: सोपानकाकांच्या पालखीबरोबर

माउलींच्या सोहळ्यात चालणं म्हणजे लोंढ्याच्या वेगानं चालणं. बुटाची नाडी सैल करायला वाकावं, तर मागून धक्का बसलाच. ऐन उमेदीत त्याचीच मजा असते. साठी उलटली की गुडघा आणि लघवी या दोघांचं वेळापत्रक सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदाराचंही ऐकत नाही. म्हणून मी माउलींचे धाकटे भाऊ सोपानकाका यांची, सासवडहून निघणारी पालखी धरली, आणि बरोबरीच्या माणसांना तीच सांगतो.

हिशेब साधा आहे. आळंदी ते पंढरपूर वाट २५० किलोमीटरच्या घरात जाते. माउली ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघतात आणि अठरा-वीस दिवस चालतात. सोपानकाकांचं प्रस्थान वद्य द्वादशीच्या सुमाराला, माउली सासवडात मुक्कामी असतानाच. तेरा-चौदा दिवसांत वाखरी, म्हणजे पंढरपूरच्या अलीकडचा शेवटचा मुक्काम. पुण्यातली चेंगराचेंगरी वाचते, आणि दिवे घाट चढावाच लागत नाही, कारण सासवड घाटाच्या वरच आहे. पुढे पांगारे, मांडकी, निंबूत, सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे, बारामती, लासुर्णे, निरवांगी, अकलूज अशी वाट. सुरुवातीला पुरंदरचे चढ-उतार आहेत, मग सगळा उसाचा सपाट मुलूख. उतारावर गुडघा जास्त बोलतो, म्हणून काठी पहिल्या दिवसापासूनच हातात असू द्यावी.

पण गर्दी कमी म्हणजे सोयही कमी, हे धरूनच निघावं. मोठ्या पालख्यांच्या वाटेवर टँकर, दवाखान्याचे तंबू, मलमपट्टीवाले पावलोपावली भेटतात. इथे दोन गावांच्या मध्ये कधी कधी नुसता ऊस. त्यामुळे दिंडी निवडताना लाजायचं नाही, चैत्रातच जाऊन विचारायचं. भिशी, म्हणजे दिंडीची जेवणा-राहण्याची वर्गणी किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याहून महत्त्वाचे प्रश्न वेगळे. सामानाचा टेंपो आपल्या आधी मुक्कामी पोचतो का? झोपायला राहुटी की शाळेची खोली? एखाद्या दिवशी पाय चाललेच नाहीत, तर गाडीत बसायला जागा आहे का? टेंपो मागे राहिला तर ओल्या कपड्यांवर दोन-तीन तास काढावे लागतात, आणि मांड्या सोलवटण्याची सुरुवात तिथूनच होते. राहुटी काळ्या मातीत ठोकलेली असेल, तर एका सरीत खाली चिखल होतो. अंथरुणाखाली जाड प्लास्टिक हवंच, आणि ते अंथरुणापेक्षा वीतभर लहान असावं. बाहेर राहिलेल्या कडेवर पाणी साचून आत येतं.

सराव तीन महिने आधी सुरू करावा. रोज पाच किलोमीटर फिरणारा माणूस ‘मला सवय आहे’ म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी लंगडतो. एका दिवसात पंधरा किलोमीटर कुणीही चालतो. खरी परीक्षा लागोपाठच्या दिवसांची असते, कारण आदल्या दिवशी सुजलेला पाय सकाळी पुन्हा त्याच बुटात घालायचा असतो. म्हणून शेवटच्या महिन्यात दोन-तीनदा तरी सलग तीन दिवस, रोज बारा ते पंधरा किलोमीटर, आणि तेही डांबरी रस्त्यावर. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा, आणि सरावातच वापरून मऊ झालेला. नवा बूट घालून वारीला निघणाऱ्याला मी हात जोडतो.

फोडांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण वारी मोडते ती बहुधा तिथेच. फोड यायच्या आधी त्या जागी चटका बसल्यासारखं वाटतं. टाच किंवा अंगठ्याचा उंचवटा गरम लागला की तिथल्या तिथे बसायचं. मोजा काढून पाय पुसायचा, कोरडा होऊ द्यायचा आणि त्या जागेवर कागदी चिकटपट्टी लावायची, सुरकुती न ठेवता. पाच मिनिटांचं काम. ‘विसाव्याला बघू’ म्हटलं की तासाभरात पाणी भरलंच. भरलेला फोड लहान असेल तर हात लावू नये. मोठा असेल तर स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं कडेला दोन बारीक भोकं पाडून पाणी दाबून काढायचं. वरची कातडी मात्र सोलायची नाही, तीच खरी पट्टी. मग पोव्हिडोन आयोडिन, गॉज, चिकटपट्टी. फोडात दोरा ओवून ठेवायची जुनी रीत अजून दिसते. दोऱ्यानं पाणी निथळतं खरं, पण रस्त्याची घाणही त्याच वाटेनं आत जाते. मधुमेह असलेल्यांनी सुई हातात घेऊच नये, डॉक्टरकडे जावं. त्यांच्या पायाला कधी कधी चटका कळतच नाही, म्हणून रोज रात्री हातआरशात तळवा पाहायचा, बोटांच्या बेचक्यांसकट.

गोळ्यांचं आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. रोज चार-पाच तास चालल्यावर साखर खाली येते आणि नेहमीचा डोस जड पडू शकतो. लघवी वाढवणारी बीपीची गोळी आणि जूनचं ऊन एकत्र आलं की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. खिशात गूळ-शेंगदाणे किंवा साखर असावीच. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी टाकणारे पुष्कळ आहेत, त्यानं उलट त्रास होतो. पुडी नसेल तर एक लिटर पाण्याला सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खांद्यावरचं ओझं तीन किलोंच्या आत. पाणी, पावसाची घोंगडी किंवा प्लास्टिक, कोरडे मोजे, औषधं, बॅटरी, आणि प्लास्टिकच्या पाकिटात आधार कार्डाची प्रत, मागे घरचा नंबर आणि चालू गोळ्यांची यादी. बाकी सगळं टेंपोत.

दुपारच्या पंगतीला हात आखडता घ्यावा, हे सांगणं सोपं आहे. बारामतीच्या बाजूला वाढणारी माणसं ऐकत नाहीत.

ही शांतता शेवटपर्यंत टिकत नाही. वेळापूरच्या पुढे माउली आणि सोपानकाकांची बंधुभेट होते, आणि तिथून भंडीशेगाव, वाखरीपर्यंत सगळा महाराष्ट्र एका रस्त्यावर येतो. शेवटचे दोन दिवस दिंडीची पताका नजरेआड होऊ द्यायची नाही, कारण फोनला रेंज नसते आणि लागला तरी ऐकू येत नाही. भेटायची जागा सकाळीच ठरवून घ्यायची. एकादशीच्या दर्शनबारीत या वयात उभं राहू नये. चंद्रभागेत पाय बुडवावेत, नामदेव पायरीपर्यंत जमलं तर जावं, नाहीतर कळसाला हात जोडावेत. एस.टी. स्टँडवरही त्या दिवशी तीच गर्दी असते. एकादशीची रात्र दिंडीच्या मठात काढून द्वादशीचं पारणं सोडलं, की दुपारच्या गाडीला बसायला जागा मिळते.