अर्धी गोष्ट, दीडशे शब्द: चीनच्या इंग्रजी पेपरातला बदल

चीनमध्ये विद्यापीठ प्रवेशासाठी गाओखाओ ही परीक्षा असते. तिचा इंग्रजीचा पेपर 150 गुणांचा. जुन्या राष्ट्रीय पेपरात लेखन म्हणजे उताऱ्यातल्या 10 चुका दुरुस्त करायच्या आणि शंभरेक शब्दांचं पत्र लिहायचं. 2016 साली झेजियांग प्रांताच्या पेपरात नवा प्रश्न आला आणि 2020 मध्ये तो नव्या राष्ट्रीय पेपरातही घेतला गेला. साधारण 350 शब्दांची अपुरी गोष्ट वाचून ती 150 शब्दांत पुढे न्यायची. परिच्छेद दोन, दोन्हींचं पहिलं वाक्य छापून दिलेलं, गुण 25.

कल्पना उत्तम आहे. समोरच्या उताऱ्यातले शब्द, काळ, बोलण्याचा ढंग उचलत लिहायचं, म्हणजे वाचन लेखनाच्या कामी येतं. तरी शिक्षकांची तक्रार मला रास्त वाटते: पेपर बदलला, पाठांतर तसंच राहिलं. पूर्वी पत्राचा मायना घोकून घेत, आता अश्रू, धडधड, सूर्यास्त यांची तयार वाक्यं घोकून घेतात. मग हरवलेलं कुत्रं सापडो की शर्यत हुको, गालांवरून तेच मोती ओघळतात!

खरं काम दोन परिच्छेदांच्या सांध्यावर आहे. समजा, पहिलं वाक्य आहे, ‘दोर मिंगच्या हातातून निसटला’ आणि दुसरं, ‘नाव काठाला लागली तेव्हा आजोबा हसत होते’. मुलं पहिल्या वाक्यापासून सुसाट सुटतात, वादळ आणतात, नवा कोळी आणतात, आणि शब्द संपतात तेव्हा नाव भर पाण्यातच असते. म्हणून आधी दुसरं वाक्य वाचायला लावावं. नाव काठाशी कुणी आणली? आजोबा का हसले? एवढी उत्तरं पहिल्या परिच्छेदात हवीत, त्याला सत्तर-पंचाहत्तर शब्द पुरतात. नवं पात्र नको. शेवटी उताऱ्यातली एखादी वस्तू परत यावी. इथे तो दोरच.

अडचण तपासणीची. वर्गात 50 मुलं धरली तर 7,500 शब्द होतात; वहीमागे तीन मिनिटं दिली तरी अडीच तास. एवढा वेळ रोज कुठून आणायचा? पहिल्या फेरीत व्याकरणाला हातच लावू नये. पहिल्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य आणि दुसऱ्याचं पहिलं, एवढीच दोन वाचावीत. सांधा जुळत नसेल तर वही परत द्यावी. स्पेलिंगं दुसऱ्या फेरीत.